इतिवृत्तात लिहा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. सोसायटीच्या सभेत 'त्या धर्माचे भाडेकरू नकोत' म्हणून हात वर झाले तेव्हा तू हात वर केला नाहीस, पण तोंडही उघडलं नाहीस, आणि तेव्हापासून झोप लागत नाही, असं लिहिलंयस. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी ज्या सिस्टरने टोकन दिलं होतं, तिला मालकाने दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, "सोसायटी नको म्हणते." दोन शाळकरी मुलं, रात्रपाळीची नोकरी, हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. भाडं ठरलं होतं, पोलिसांचा फॉर्म भरून झाला होता. अडलं ते नावावर. "ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळले त्या काकांसमोर मी काय बोलणार होते?" असं तू विचारतेस. उत्तर देण्याआधी माझं एक सांगते, कारण ते लपवून तुला चार शब्द सांगायचा मला अधिकार नाही.

१९९४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा कॉलेज रोडला राहायचो. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी सहकारी आणि मी, सात वर्षं एकत्र डबा खात होतो. मी मटण खात नाही म्हणून ती माझ्यासाठी आठवणीने वेगळी डाळ आणायची. जुन्या नाशकात तिचं घर दोन खोल्यांचं आणि माणसं नऊ. एक दिवस तिने विचारलं, "तुमच्या बिल्डिंगमध्ये तळमजला रिकामा आहे ना? विचारशील?" मी चेअरमनना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, माझं काही नाही हो, पण लोकांना चालणार नाही." मी ऑफिसात येऊन तिला सांगितलं, फ्लॅट गेला. ती "बरं" म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं.

'भाड्याने देणे आहे' ही पाटी आमच्या फाटकावर दिवाळीपर्यंत होती.

२००८ मध्ये ती निवृत्त झाली, त्या दिवशी मी तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. मुलाची शिकवणी तुमच्याच गल्लीत होती. पाटी मी रोज वाचायचे." चौदा वर्षं तिने मला हे जाणवू दिलं नाही. घर तर तिला मिळालंच नाही, वर माझी लाजही तिनेच सांभाळली. आपण गप्प बसलो की त्याचा भार कोणावर पडतो, हे मला त्या दिवशी कळलं. तू हे तिशीच्या आत ओळखलंस, म्हणून तुला झोप लागत नाही याचं मला वाईट वाटत नाही.

आता तुझ्या सभेकडे येते. सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करण्यात माझी नोकरी गेली. गृहनिर्माण संस्थांची इतिवृत्ताची, म्हणजे सभेत काय बोललं-ठरलं त्याच्या नोंदींची, पुस्तकं किती चाळली याची गणती नाही. टाकीची गळती, रंगकामाचं कोटेशन, जिन्यातल्या सायकली, सगळी भांडणं त्यात शब्दाला शब्द सापडतात. पण 'अमुक धर्माच्या माणसाला घर देऊ नये' असं वाक्य मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. त्या जागी असतं 'सुरक्षेच्या कारणास्तव', 'सभासदांच्या भावना लक्षात घेता', 'कागदपत्रे अपूर्ण'. एका दलित कुटुंबाचा सभासदत्वाचा अर्ज 'पुढील सभेत विचार करावा' या शेऱ्याखाली तीन सभा पडून राहिलेला मी पाहिला आहे. कागद सगळे जागेवर होते, मी स्वतः तपासले. म्हणजे आपण करतोय ते चुकीचं आहे, हे करणाऱ्यांना ठाऊक असतं. चहा पिता पिता जे सहज बोललं जातं, तेच सहीनिशी लिहायचं म्हटलं की हात थांबतो.

तू नेमकं तिथे बोट ठेव.

जी.डी.सी. अँड ए.चा, सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेचा, अभ्यास करतेस, म्हणजे सभेचा पहिला विषय तुला पाठ असणार: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. फ्लॅट आईच्या नावावर आहे, तेव्हा पुढच्या सभेला आईला घेऊन जा. इतिवृत्त वाचून झालं की तिने किंवा तू एवढंच म्हणायचं: "मागच्या सभेत भाडेकरूंबद्दल जे बोललं गेलं ते तसंच्या तसं लिहा, आणि आमचा विरोध नावानिशी नोंदवा." भाषण करू नकोस. कोणाला जातीयवादी म्हणू नकोस. शांतता पसरेल, ती पसरू दे. कोणीतरी म्हणेल, "अगं, हे कुठे लिहायचं असतं का?" मग विचार, "लिहिता येत नसेल तर ठरवता कसं येतं?" आणि खाली बस. नंतर आईच्या नावाने रीतसर अर्ज करून त्या इतिवृत्ताची प्रत माग. प्रत मिळणं हा सभासदाचा हक्क आहे.

त्याआधी आदर्श उपविधी, म्हणजे गृहनिर्माण संस्थांसाठीचे सरकारी नमुना नियम, काढून वाच, आणि तुमच्या संस्थेने कोणते स्वीकारलेत तेही बघ. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने भाडेकरू ठेवताना संस्थेला कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. मालक स्वतः राहत नाही म्हणून संस्था नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नाही. 'सोसायटी नको म्हणते' या वाक्याला मुळात आधार नाही. हे त्या फ्लॅटमालकाला एकट्याला गाठून सांग. कदाचित त्यालाही कोणीतरी हे सांगायला हवं असेल. माझ्या चेअरमनसारखी 'माझं काही नाही हो' म्हणणारी माणसं खूप असतात, आणि त्यातली काही खरंच तशी असतात.

कायदा सगळं करून देईल, असं मात्र मी तुला सांगणार नाही. संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते यांची नावं घेऊन सांगितलंय की धर्म, जात, लिंग यावरून कोणाला अडवता येणार नाही. भाड्याचं घर त्या यादीत नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून रोखणं हा १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. धर्मावरून भाडेकरू नाकारणाऱ्यासाठी तितकं स्पष्ट कलम नाही. उलट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा 'सभासद फक्त पारशीच' हा उपविधी मान्य केला. कायद्यातली ही फट बुजवली पाहिजे, असं माझं स्वच्छ मत आहे. पण ती बुजेपर्यंत त्या सिस्टरने कुठे राहायचं?

तू लिहिलंस, "एकटीच्या बोलण्याने काय होणार?" आपल्या पंचवटीत जा आणि काळाराम मंदिराच्या दरवाज्यासमोर थोडा वेळ उभी राहा. २ मार्च १९३० ला दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रही तिथे पोचले तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांवर पहिली तुकडी बसली, त्यात १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या पंचवीस जणींचा मी फार विचार करते. घरी कोणाकोणाला काय सांगून आल्या असतील! बाबासाहेब इथे नसताना लढ्याची घडी सांभाळणारे दादासाहेब गायकवाड तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, तुझ्याच वयाचे. लढा पाच वर्षं चालला आणि दरवाजा उघडला नाही. बाबासाहेबांनी मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना पत्र लिहून सांगितलं, त्याचा आशय असा की देवळात जायला मिळालं म्हणजे प्रश्न सुटेल या समजुतीने ही चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या माणसांना आपली स्थिती कळावी, त्यांच्यात बळ यावं, यासाठी ती होती. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली. तुझ्या सभेची तुलना मी त्याच्याशी करत नाही, करूही नये. मला फक्त एवढं सांगायचंय की तुझा विरोध कोणी मानला नाही तर 'काही झालं नाही' असं घरी येऊन म्हणू नकोस. त्या खोलीत तुझ्यासारखंच गप्प बसलेलं आणखी कोणीतरी असतं.

एका गोष्टीची काळजी घे. सभेत त्या सिस्टर किती चांगल्या, किती शांत, मुलं किती हुशार, हे सांगायला जाऊ नकोस. माझी जीभही तिथेच वळते, म्हणून बजावते. चांगुलपणाचा दाखला आपल्याकडे कोणत्या भाडेकरूकडून मागितला? तुमच्या दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री बाराला टीव्ही मोठ्याने लावतात हे तूच मला सांगितलंयस. त्यांना घर मिळालं ते भाडं देतात म्हणून. सिस्टरलाही तेवढ्याच अटीवर मिळायला हवं, चिडक्या असल्या तरी.

आणि पूर्वग्रह फक्त आपल्याच गल्लीत राहतो असंही समजू नकोस. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना 'मुलं पळवणारे' म्हणून जमावाने ठेचून मारलं. त्याच रात्री आपल्या मालेगावात तसल्याच अफवेवरून एका कुटुंबाला लोकांनी घेरलं होतं, बरोबर लहान मूल होतं. तिथल्याच एका माणसाने त्यांना आपल्या घरात घेतलं, आणि पोलिसांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं. जमावही तिथलाच, दार उघडणाराही तिथलाच. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत दूध आणायला जायचं होतं. तुझ्या काकांची तुला वाटणारी भीती मी लहान समजत नाही, पण त्या माणसाची आठवण ठेव.

घरच्यांशी अबोला धरू नकोस. बाबा चिडले तर जेवायला त्यांच्याच शेजारी बस आणि पुन्हा सांग. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद घालू नकोस, तिथे फक्त अंगठे येतात.

रविवारी दुपारी ये. उपविधींची प्रत काढून ठेवते, कोणतं कलम कुठे ते खुणा करून देते. पण त्याआधी सिस्टरना फोन कर. हे प्रकरण पुढे न्यायचं की नाही, हे आधी त्यांना विचार. त्यांनी दुसरीकडे घर पाहिलं असेल, त्यांना पुन्हा त्या जिन्यात पाऊल ठेवायचं नसेल, तर सभेत त्यांचं नाव निघता कामा नये. विरोध तुमच्या मायलेकींच्या नावावर नोंदवा. आणि त्यांचं टोकन त्यांना परत मिळालं का, तेवढं विसरू नकोस.

तुझी,
मावशी
नाशिक