लोहाराच्या भट्टीतल्या सुऱ्या-विळ्या ऑनलाइन विकायच्या तर वेबसाइट कशी असावी?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची भट्टी आहे, सुऱ्या, विळ्या, कोयते घरीच घडवता, माल आठवडी बाजारात जातो. आता वेबसाइट काढायची आहे, पण तिच्यावर नेमकं काय टाकायचं ते सुचत नाही. माझं चिपळूणला भांड्यांचं दुकान आहे आणि गेली सात वर्षं मी लोहारांकडून घेतलेल्या विळ्या-सुऱ्या ऑनलाइनही विकतोय. रंग, मेनू, लोगो हे वेबसाइट करणारा बघेल. मी मालाबद्दल बोलतो.

बाजारात एखादी बाई विळी घेते तेव्हा काय करते ते आठवून बघा. पाट उचलून वजनाचा अंदाज घेते. पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकते. धारेवर अंगठा आडवा, अगदी हलका फिरवते. विळी जमिनीवर ठेवून पाट डुगडुगतो का ते बघते. मग भाव विचारते. वेबसाइटवर तिला यातलं काहीच करता येत नाही. तुमच्या पानानं हे सगळं तिच्या वतीनं करून दाखवलं पाहिजे. मला विचाराल तर चांगल्या वेबसाइटची कसोटी एवढीच.

मला हे उशिरा कळलं. सुरुवातीला मी नुसतं 'उत्तम दर्जाची सुरी, 8 इंची' असं लिहायचो. एका बाईंनी अशी सुरी मागवली आणि चार दिवसांत परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: सुरी छान आहे, पण माझं मनगट दुखतं, एवढं ओझं मला पेलवत नाही. सुरी 310 ग्रॅमची होती आणि मी ते कुठेच लिहिलं नव्हतं. पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी दुकानातलं एकूण एक पातं काट्यावर ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक नगाखाली वजन, पात्याची लांबी, रुंदी, मुठीजवळची आणि टोकाजवळची जाडी मिलिमीटरमध्ये, मुठीचं लाकूड आणि ती डावखुऱ्याला चालेल का, हे सगळं असतं. हातानं घडवलेले दोन नग सारखे नसतात, म्हणून फोटोही त्याच नगाचा, जो गिऱ्हाइकाच्या हातात पडणार आहे.

फोटो चार तरी हवेत. एक पट्टीशेजारी आडवा ठेवून, एक वरून, म्हणजे पाठ किती जाड आहे ते दिसेल असा, एक मुठीकडून टोकाकडे बघत आणि एक हातात धरलेला. तिसरा फोटो बहुतेक जण काढतच नाहीत. पण पातं पाठीकडून धारेकडे कसं निमुळतं होत गेलंय हे त्यातच दिसतं, आणि सुरी कांद्यातून सरळ जाईल की त्याला पाचरीसारखी फाडेल हे त्या उतारावरच ठरतं. जोडीला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ ठेवा, पिकलेला टोमॅटो कापतानाचा. मागे संगीत नको. धारेचा आवाज ऐकू येऊ द्या.

आता पोलाद. जपानमध्ये साकाई नावाचं शहर स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे पातं एक जण घडवतो, धार दुसरा काढतो आणि मूठ तिसरा बसवतो. तिथल्या सुऱ्या विकणाऱ्या चांगल्या वेबसाइटवर घडवणाऱ्याचं आणि धार काढणाऱ्याचं नाव वेगवेगळं दिलेलं असतं. पोलादही 'पांढरा कागद', 'निळा कागद' असं नावानिशी लिहिलेलं असतं. ते पोलाद ज्या रंगाच्या कागदात गुंडाळून यायचं, त्यावरून ही नावं पडली. मी पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा आपल्याकडच्या लोहारांसाठी जीव हळहळला. आपला लोहार भट्टी पेटवण्यापासून मुठीला रिव्हेट ठोकण्यापर्यंत सगळं एकटा करतो आणि विकणारा त्याच्या मालावर 'हस्तनिर्मित' एवढंच छापतो. कच्छमधल्या मोटा रेहा गावात पिढ्यान्‌पिढ्या सुऱ्या घडतात. गावाचं नाव गळलं की त्या मालाचीही ओळख पुसली जाते. तुम्ही तसं करू नका. वडिलांचं नाव, गाव आणि भट्टीचा फोटो प्रत्येक पानावर ठेवा. उद्या दुसऱ्या लोहाराचा माल विकायला घेतलात तर त्याचंही नाव घाला.

तुमचं पोलाद बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) असेल. ते लपवू नका. कमानपाटा चिवट असतो, पुन्हा पुन्हा धार घेतो, कोयत्याला तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त भंगारातल्या पाट्याचं पोलाद नेमक्या कुठल्या प्रतीचं हे सांगता येत नाही, म्हणून कडकपणाचा आकडा छापायचा मोह टाळा. रॉकवेल या कडकपणाच्या मापावर जर्मन पद्धतीच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 भरतात आणि जपानी कार्बन पोलादाच्या, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या, 60 च्या वर. हे आकडे यंत्रावर मोजलेले असतात. न मोजता लिहिलेला आकडा खोटाच. त्यापेक्षा पातं पाण्यात विझवता की तेलात, नंतर पुन्हा किती तापवता, हे वडिलांच्या शब्दांत लिहा. जाणकार माणूस त्यावरूनच ओळखेल.

दमास्कसचंही, म्हणजे पात्यावर लाटांसारखी नक्षी दिसणाऱ्या पोलादाचंही, असंच. गुळगुळीत स्टेनलेसवर लेझरनं नक्षी मारून त्याला दमास्कस म्हणणारे खूप आहेत. खरी थरांची सुरी असेल तर थर किती आणि मधलं पोलाद कोणतं ते सांगावं. जुन्या काळी ज्या दमास्कस तलवारींचं नाव झालं, त्यांचं पोलाद दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून जायचं. ते मुशीत वितळवून केलेलं असे. आजचं थर ठोकून केलेलं पोलाद हा वेगळा प्रकार आहे.

गंज चढतो हे विकण्याआधी सांगा, अगदी किमतीच्या खाली. मला जितक्या तक्रारी आल्या, त्यातल्या बहुतेक 'सुरी काळी पडली' अशाच होत्या. कैरी, लिंबू, कांदा कापला की कार्बन पोलाद काळवंडतं. तो खराब माल नव्हे. पण ओलं ठेवलं तर लाल गंज धरतो, म्हणून कापून झालं की धुऊन लगेच पुसायचं आणि तेलाचा हलका हात फिरवायचा. हे आधी वाचलेलं गिऱ्हाईक तक्रार करत नाही, उलट सुरी जपतं.

नावांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. तुम्ही 'विळी' लिहाल, पण खानदेशातली बाई 'पावशी' शोधेल, कुणी 'मोरळी' म्हणेल, आमच्या तळकोकणात 'आडाळो' आणि गोव्यात 'आदोळी'. ही सगळी नावं पानावर घाला, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांतही. मी 'आडाळो' हा शब्द घातला तेव्हा मुंबईतल्या मालवणी लोकांचे फोन सुरू झाले. खोवणी असलेली आणि नसलेली अशी दोन वेगळी पानं करा.

कायदा थोडक्यात. शस्त्र नियमांच्या यादीत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, मात्र घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत. म्हणून प्रत्येक नगाचा उपयोग स्पष्ट लिहा: नारळ सोलायला, ऊस तोडायला, मासळी कापायला. शोभेच्या तलवारी त्याच वेबसाइटवर ठेवू नका. 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक नियमांप्रमाणे तुमचं नाव, पत्ता आणि तक्रार कुणाकडे करायची ते वेबसाइटवर असावं लागतं. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा.

कोयत्याच्या फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. पुण्यातल्या कोयत्याच्या बातम्यांनंतर लोक या शब्दालाच बिचकतात. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारं पातं दाखवलंत तर ती भीती वाढेल आणि नको ते गिऱ्हाईक येईल. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात, इतकं हे अवजार कष्टाशी बांधलेलं आहे. त्याला उसाच्या फडात दाखवा, सोललेल्या नारळांच्या ढिगाशेजारी दाखवा. अठराच्या आतल्याला विकत नाही हेही लिहा आणि पाळा.

पाठवणीत हयगय नको. एकदा माझ्या पार्सलमधून सुरीचं टोक पुठ्ठा फाडून बाहेर आलं आणि पोचवायला आलेल्या मुलाच्या तळहाताला लागलं. चूक माझी होती, मी नुसता कागद गुंडाळला होता. आता टोकाला बूच, पात्याला जाड पुठ्ठ्याचं म्यान, त्यावर दोरा आणि मग खोका.

शेवटचं पान धार लावून देण्याचं करा. पार्सलनं सुरी पाठवा, आम्ही पाजवून परत पाठवू, इतके पैसे, इतके दिवस, असं सरळ लिहा. माझ्याकडे हे पान सगळ्यात साधं आहे, त्यावर एकच फोटो आहे. जुनी गिऱ्हाइकं सर्वांत जास्त त्याच पानावरून परत येतात, आणि धारेला आलेल्या सुरीसोबत पुष्कळदा नव्या विळीची मागणीही असते.