नवीन माणूस दोनदा येतो आणि मग दिसत नाही, स्वागत टीमने करायचं काय?

सलाम ताई,

तुमचं म्हणणं मला असं समजलं: सिडकोकडचं तुमचं चर्च, मराठी उपासना, पाळकसाहेबांनी तरुण संघाला स्वागत टीम करायला सांगितलीय, नवीन माणसं येतात पण दुसऱ्या-तिसऱ्या रविवारनंतर गायब, आणि यूट्यूब लाईव्हला बघणारे बरेच दिसतात पण त्यातलं कोणी चर्चमध्ये उगवत नाही. मी नाशकातच एका जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं दारावर उभं राहायचं काम केलंय आणि लॉकडाऊनपासून लाईव्हचं चॅट पण बघतो, त्यामुळे लांबलचक लिहिणारे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे दारावर बॅज लावून चार पोरं उभी करू नका. दारावर एक माणूस पुरे, पण असा की ज्याला पार्किंग, टॉयलेट, शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा वर्ग) कुठल्या खोलीत भरते हे सगळं माहितीये. हसून हात जोडणं सगळीकडेच होतं हो, त्यामुळे कोणी टिकत नाही. माणूस सुटतो तो शेवटी. आशीर्वाद झाला, आमेन झालं की आपण सगळे वळतो आपापल्या माणसांकडे, चर्चचा कारभार बघणारे पास्टरेट कमिटीवाले हिशोबात, महिला मंडळ पुढच्या मीटिंगमध्ये, तरुण मंडळी बाइकपाशी, आणि नवीन आलेला तो माणूस जरा वेळ मोबाईल बघितल्यासारखं करतो, नोटीस बोर्ड वाचतो, मग हेल्मेट घालून निघून जातो. घरी कोणी विचारलं तर सांगणार काय, की प्रवचन चांगलं होतं पण कोणी बोललं नाही.

म्हणून टीमचं खरं काम आशीर्वादानंतरच्या दहा मिनिटांत. तेवढ्या वेळात टीमच्या लोकांनी एकमेकांशी बोलायचंच नाही असा सरळ नियम करा. एका नवीन माणसाशी एकानेच बोलायचं, घोळका नको. बाई असेल तर बाईने, तरुण असेल तर तरुणाने. आणि हे जास्त महत्त्वाचं, की जो पहिल्या रविवारी बोलला तोच दुसऱ्या रविवारीही तिथे पाहिजे. आपल्याकडे होतं काय की ड्युटी लावतात, महिन्याचं टाइमटेबल, मग दुसऱ्या रविवारी वेगळाच माणूस येऊन परत विचारतो "आज पहिल्यांदाच आलात का?" संपलं. तुमची गळती दुसऱ्या-तिसऱ्या रविवारची आहे ना, मला तरी हेच कारण वाटतं, ड्युटी रविवारवर लावू नका, माणसावर लावा. एक वही ठेवा, नवीन माणसाकडून भरून घ्यायची नाही, आपण घरी जाऊन लिहायची, नाव काय, कोण बोललं, मुलं किती, काय सांगितलं. वही एकाच जबाबदार माणसाकडे, ग्रुपवर फोटो टाकायचा नाही.

"आज कोण नवीन आलेत त्यांनी कृपया उभं राहावं" हा प्रकार तुमच्याकडे चालू असेल तर माझ्या मते बंद करा. यावर वडीलधारे नाराज होतील, आमच्याकडे पण झालेत, कारण त्यांच्या दृष्टीने तो मान असतो. बदली होऊन आलेलं कुटुंब असेल, आधीच्या मंडळीचं पत्र घेऊन आलेलं, त्यांना ते आवडतंही, त्यांना आधी विचारून नाव जरूर घ्या, फूल द्या, टाळ्या वाजवा. पण नाशकात येणारा प्रत्येक जण पत्र घेऊन थोडाच येतो. ओझरला एचएएलमध्ये, नाशिक रोडला प्रेसमध्ये, देवळालीला तोफखान्यात आलेले असतात, सातपूर-अंबडला कंपनीत लागलेली पोरं असतात, संगमनेर-श्रीरामपूरकडून कॉलेजला आलेली असतात, हॉस्पिटलमधल्या केरळच्या नर्सेस असतात ज्यांना मराठी अर्धंच कळतं. काहीजण लहानपणी शब्बाथशाळेत गेलेले आणि नंतर वीस वर्षं चर्चची पायरी न चढलेले. आणि काहीजण ख्रिस्ती नसलेल्या घरातले, घरात आजारपण आहे, नवऱ्याची दारू आहे, नुसतं शांत बसायचंय, कोणीतरी प्रार्थना करावी एवढंच वाटतंय, त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं की ती बाई परत येत नाही, आणि मला त्यात तिचं काही चुकतं असं वाटत नाही.

आता जरा नाजूक विषय. आपल्या लोकांचा पहिला प्रश्न काय असतो? "आडनाव काय? कुठले तुम्ही? कोणाचे?" बऱ्याचदा यात वाईट काही नसतं, मावशी लोक नातं जुळवत असतात, अगं तू म्हणजे आमच्या आत्याच्या जावेच्या घरातली की. पण त्याच प्रश्नातून जात पण शोधली जाते, कधी नकळत, कधी चांगली कळून, आणि ज्याला विचारलं जातं त्याला ते बरोब्बर समजतं कारण त्याने हा प्रश्न आयुष्यभर ऐकलेला असतो. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाने तर हा प्रश्न विचारूच नये असं माझं मत आहे. आपलं शरणपूर कोणामुळे वसलं बघा, १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनरी संस्थेने वस्ती केली, तिथे अनाथ मुलं होती, आणि पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही आली, त्यांना तिथे लिहायला-वाचायला आणि हाताची कामं शिकवली. जेकब वेनराइट त्यातलाच, १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या शवपेटीबरोबर चालला. त्याला कोणी विचारलं असतं "कुठले तुम्ही, कोणाचे" तर काय सांगणार होता तो? तर टीमला सांगून ठेवा, आडनाव-गाव नंतर आपोआप कळतं, पहिल्या दिवशी "येताना त्रास नाही ना झाला, राहता कुठे" एवढंच.

उपासनेच्या आतलं थोडं. आपल्याला वाटतं सगळं सोपं आहे, पण कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हे बाहेरच्याला सोडा, आपल्याच माणसाला कळत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या, पण सवयी एवढ्या लवकर थोड्याच एकत्र येतात. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून, तिथली उपासना साधी, प्रार्थनापुस्तकाचा फार व्याप नाही, आणि त्या वळणात वाढलेला माणूस नाशकात अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाच्या चर्चमध्ये आला की तो पण इकडेतिकडे बघतच असतो. उपाय साधाय, चालवणाऱ्याने एक वाक्य जास्त बोलायचं, "आता आपण बसून घेऊ", "शब्द पडद्यावर आहेत", आणि गीताचा नंबर दोनदा सांगून जरा थांबायचं. बाजूला बसलेल्याने आपलं पुस्तक उघडून पुढे करायचं, एवढ्याने पण फरक पडतो. आणि ती "ही आमची जागा आहे" वाली काही घराणी प्रत्येक चर्चमध्ये असतात, त्यांच्याशी पाळकसाहेबांनी स्वतः बोलावं, तरुण संघाने त्या भानगडीत पडू नये.

प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी आधीच स्पष्ट सांगा कोणी पुढे यायचं आणि कोणी बसून राहिलं तरी चालतं. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये (त्यांच्या उपासनेत) नियम वेगळा, आपला वेगळा, नवीन माणसाला दोन्ही माहीत नसतात, मग तो रांगेत येतो आणि ऐनवेळी कोणीतरी त्याला थांबवतं, ती लाज फार वाईट. दानार्पणाची थैली येते तेव्हाही हळूच सांगावं की पाहुण्यांनी टाकलंच पाहिजे असं नाही. आणि कृपा करून "बाप्तिस्म्याचं मग कधी?" हे कोणी काढू नका. ते पाळकसाहेबांचं काम, वेळ आल्यावर, त्या माणसाने स्वतः काढल्यावर. नवीन माणसाच्या घरी आधी न विचारता जाऊ नका. बऱ्याच जणांच्या घरी माहीतच नसतं की ते चर्चला आलेत, आणि आपण रविवारी संध्याकाळी बायबल काखेत घेऊन चौघं जण त्यांच्या दारात, शेजारीपाजारी बघतायत, हे प्रेमाने केलं तरी त्या माणसाला महागात पडतं. फोन करू का, मेसेज किती वाजता चालेल, हे विचारून घ्या.

आता ऑनलाईन. मार्च २०२० ला सगळं बंद झालं, महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला उघडलं, पुढच्या वर्षी परत बंद आणि मग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं, या मधल्या काळात लोकांना एक सवय लागली ती अजून आहे, चर्चला जायच्या आधी घरी बसून चर्च बघून घ्यायचं. म्हणजे जो माणूस तुमच्याकडे पहिल्यांदा येतो त्याने तुम्हाला कदाचित दोन-तीन महिने बघितलेलं असतं, पाळकसाहेबांचा आवाज, क्वायरमधली कोण मुलगी चांगली गाते, सगळं त्याला माहितीये, तुम्हालाच तो माहीत नाही. म्हणून चॅटवर एक माणूस पाहिजे, आणि तो कॅमेऱ्यामागचा पोरगा नको, त्याला आवाजाचंच टेन्शन असतं. घरून बघणारं कोणी घ्या, एखादी ताई जिला लहान बाळामुळे येता येत नाही, तिला हे काम द्या, तीही जोडलेली राहते. कोणी "आमेन" लिहिलं तर नाव घेऊन सलाम करायचा, कोणी "प्रार्थना करा" लिहिलं तर हात जोडलेला इमोजी टाकून मोकळं व्हायचं नाही, "कशासाठी करू, इथे लिहायचं नसेल तर चर्चच्या नंबरवर लिहा" असं विचारायचं. तो नंबर चॅटच्या वर पिन करा. नंबर चर्चचा वेगळा सिम घेऊन ठेवा, कोणाचा पर्सनल नको, आणि त्यावर उत्तर देणाऱ्यांत एक बाई असलीच पाहिजे, उत्तर त्याच दिवशी.

व्हॉट्सॲपचं सांगतो कारण इथे सगळीकडे गोंधळ आहे. नवीन माणसाला सरळ मंडळीच्या ग्रुपमध्ये टाकायचं नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, मग कोणीतरी विम्याचं विचारतो, कोणी पहाटे पाचला वचनांचे फोटो पाठवतो, आणि ज्या पोरीने घरी न सांगता नंबर दिलाय तिची पंचाईत. कम्युनिटी करून फक्त अनाउन्समेंटमध्ये घ्या, तिथे बाकीच्या मेंबरांना तिचा नंबर दिसत नाही, ॲडमिनला दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टचा उपयोग कमी, कारण समोरच्याने आपला नंबर सेव्ह केलेला नसेल तर मेसेज जातच नाही. प्रार्थनेच्या विनंत्या तर कुठल्याच ग्रुपवर नावासकट टाकू नका.

कॅमेरा पण नीट बघा. लाईव्ह चालू असताना लोकांच्या तोंडावरून कॅमेरा फिरवायची हौस असते आपल्या पोरांना. कॅमेरा वेदीकडे आणि व्यासपीठाकडे, आणि एक बाजू अशी ठेवा की तिथे बसलेला माणूस कधीच दिसणार नाही, दारावरच्या माणसाला ती बाजू माहीत हवी. फोटो फेसबुकवर टाकताना नवीन कोणी त्यात आहे का हे आधी बघा.

बघणारे प्रत्यक्षात का येत नाहीत म्हणता, तर त्यातले काही येणारच नाहीत आणि त्यांच्या मागे लागू नका. नाईट शिफ्ट संपवून पडल्या पडल्या बघणारी नर्स, कानात इअरफोन घालून स्वयंपाक करता करता ऐकणारी सून, अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांच्यासाठी तेच चर्च आहे. जे येऊ शकतात त्यांना "कधी येताय?" असं मोघम विचारून काही होत नाही. "रविवारी मी गेटपाशी उभी असेन, आल्यावर फोन करा, आपण सोबत बसू" असं म्हणा. हे एका माणसाने स्वतः म्हटलं पाहिजे, पोस्टर छापून होत नाही. घरप्रार्थनेला आधी बोलवावं का, तर चर्च लांब असेल आणि माणूस आधीपासून ख्रिस्ती असेल तर हो, घराजवळचं सोपं पडतं. पण ज्याला काहीच माहीत नाही त्याला दहा जणांच्या हॉलमध्ये बसवलं तर त्याला लपायला जागा नाही, त्याला चर्चच बरं, मागच्या बाकावर बसू दे.

नाताळच्या रात्री किंवा फेब्रुवारीत नाशिक रोडला बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्माचे लोक येतात, मेणबत्ती लावतात, जातात. तुमच्याकडे २४ डिसेंबरला अशी गर्दी होत असेल तर त्या दिवशी फॉर्म-बिर्म काढू नका, पाणी ठेवा, चपला काढायच्या की नाही हे सांगा, आत काय चाललंय ते विचारलं तर दोन शब्दांत सांगा. त्यातला एखादा जानेवारीत एकटा येईल, तेव्हा दारावरच्या माणसाने ओळखलं तर फार छान.

आणि लगेच करण्यासारखं एक, तुमच्या लाईव्हचं शीर्षक नुसतं "संडे सर्व्हिस लाईव्ह" असतं, त्यात मराठीत सिडको, नाशिक आणि उपासनेची वेळ लिहा, खाली डिस्क्रिप्शनमध्ये रिक्षावाल्याला काय सांगायचं ती खूण लिहा, सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ता बंद असेल तर तेही, आणि गुगल मॅप्सवर तुमच्या चर्चची वेळ कोणाच्या लॉगिनने बदलते ते शोधा, मी आत्ता बघितलं तर अजून उन्हाळ्याचीच वेळ दाखवतंय.