उत्तर: कॉनी मोरेला आणि ‘व्हिप मोडूनही सदस्यत्व कसे टिकले?’ हा शेरा

अमेरिकी प्रतिनिधीगृहातल्या माजी रिपब्लिकन सदस्य कॉनी मोरेला यांच्या कारकिर्दीवर तुम्ही एम. ए.चा लघुशोधप्रबंध घेतलाय आणि ‘व्हिप मोडूनही सदस्यत्व कसे टिकले याचा खुलासा नाही’ असा शेरा मारून आराखडा परत आलाय, हे वाचून पोटात गोळाच आला. माझ्या आराखड्यावर जवळपास हाच शेरा होता.

अमेरिकी काँग्रेसची रचना तुम्हाला ठाऊक असणारच, ती सोडून देते. आपल्याकडे 1985 पासून राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी आहे, व्हिप म्हणजे पक्षादेश मोडला की खासदारकी जाऊ शकते. तिकडे तसा कायदाच नाही. तिथला व्हिप म्हणजे पक्षाचा प्रतोद, तो मनधरणी करतो, दबाव आणतो, पण सदस्यत्व काढून घेऊ शकत नाही. म्हणून रिपब्लिकन असूनही मोरेलाबाईंनी 1991 मध्ये आखाती युद्धाच्या ठरावाविरुद्ध, 1998 मध्ये क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाच्या चारही कलमांविरुद्ध आणि 2002 मध्ये इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिलं, तरी खासदारकीला धक्का लागला नाही. पहिल्याच प्रकरणात हे स्पष्ट लिहा.

मी एवढं लिहून दिलं, तरी फाइल हलली नाही. त्या कार्यालयात (नाव घेत नाही) खुलासा घेऊन गेलं की ‘मार्गदर्शकांची सही आणा’, सही आणली की ‘आता समितीची बैठक होऊन गेली’. शेरा कोणी लिहिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात अख्खं वर्ष गेलं. विद्यार्थ्यानं जरा वेगळा विषय घेतला की त्यालाच हे भोगावं लागतं, याचा मला आजही संताप येतो. तेव्हा खुलासा लेखीच द्या आणि आवक क्रमांक, शिक्का असलेली पोच हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नका. अर्थात नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात, तुमच्याकडचे तपासून घ्या.

आता मूळ विषय. त्यांना ‘बंडखोर’ म्हणू नका, असं माझं ठाम मत आहे. मेरिलँडचा आठवा मतदारसंघ वॉशिंग्टनला लागून. बेथेस्डाची एनआयएच ही केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था तिथलीच, केंद्र सरकारचे नोकरदार भरपूर आणि कल डेमोक्रॅटिक. तिथून त्या 1986 पासून सलग आठ वेळा निवडून आल्या, त्या मतदारांचं मन ओळखून मत देत होत्या म्हणून. 2002 मध्ये पडल्या, कारण जनगणनेनंतर सीमा नव्यानं आखल्या त्या डेमोक्रॅट बहुमताच्या राज्य विधिमंडळानं, आणि मतदारसंघात आणखी डेमोक्रॅट वस्त्या घातल्या. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोगाचं, त्यामुळे हा फरक सांगितला नाहीत तर परीक्षक पुन्हा अडवतील. शिवाय त्यांना हरवणारे डेमोक्रॅट उमेदवार ख्रिस व्हॅन हॉलन यांच्या प्रचाराचा रोख असा होता की बाई कितीही स्वतंत्र मत देवोत, त्यांच्या जागेमुळे सभागृहातलं रिपब्लिकन बहुमत टिकतं. माझ्या मते हा युक्तिवाद खोडणं अवघड आहे, त्याला न्याय द्या.

राजदूतपदाचं प्रकरण छोटं ठेवलं तरी चालेल, गाळू मात्र नका. ज्या अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या इराक युद्धाविरुद्ध मोरेलाबाईंनी मत दिलं, त्यांनीच 2003 मध्ये बाईंना पॅरिसला ओईसीडीत (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेत) राजदूत नेमलं. 2007 पर्यंत त्या तिथे होत्या.

परिशिष्टात इराक ठरावावरच्या मतदान क्रमांक 455 चं पान जोडा, 10 ऑक्टोबर 2002 चं. सभागृहाच्या नोंदीत डेमोक्रॅटांची नावं तिरक्या ठशात, रिपब्लिकनांची सरळ, अपक्षांची अधोरेखित असतात. विरोधातल्या 133 नावांत रिपब्लिकन सहाच आहेत. मोरेला त्यांतल्या एक.