अपील म्हणजे दावा पुन्हा पहिल्यापासून चालतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मोहोळ कोर्टात शेताच्या मालकीचा दावा तुमच्याविरुद्ध गेला, आता वडिलांच्या ट्रंकेत जुनं खरेदीखत सापडलंय. तर सोलापूरला अपील करायचं की थेट हायकोर्टात जायचं, आणि वर सगळं नव्याने ऐकतात का? मी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिलांकडे कारकुनी करतो. सल्ला वकिलांचाच घ्या, मी रोज जे बघतो तेवढं सांगतो.

थेट हायकोर्ट डोक्यातून काढा. मोहोळच्या कनिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर (म्हणजे निकालाच्या अंतिम आदेशावर) पहिलं अपील जिल्हा न्यायालयातच होतं. राज्यघटनेच्या कलम 227 खाली हायकोर्टाची खालच्या कोर्टांवर देखरेख असते हे खरं, पण अपिलाची वाट उघडी असताना रिट (थेट हायकोर्टात केलेला अर्ज) घेऊन गेलात तर बहुतेक वेळा 'आधी अपील करा' एवढंच ऐकून परत याल.

आता मुख्य गोष्ट. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. मोहोळहून रेकॉर्ड मागवलं जातं: कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), सरतपास (साक्षीदाराची त्याच्याच बाजूने घेतलेली साक्ष), उलटतपास, निशाणी पडलेले (पुरावा म्हणून क्रमांक मिळालेले) कागद. जिल्हा न्यायाधीश तेच वाचतात आणि खालच्या कोर्टाने पुरावा नीट तोलला का, कायदा नीट लावला का ते बघतात. ते निकाल फिरवू शकतात, कायम ठेवू शकतात किंवा फेरचौकशीला परत पाठवू शकतात. पुराव्याची अशी पुरती छाननी वरच्या पायऱ्यांवर पुन्हा सहसा होत नाही, म्हणून पहिल्या अपिलात हात आखडू नका. पुढे हायकोर्टात दुसरं अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली होतं, आणि तिथे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच दार उघडतं. 'साक्षीदार खोटं बोलला' हे तिथे चालत नाही.

ट्रंकेतल्या खरेदीखताचं काय? त्याच संहितेच्या आदेश 41 नियम 27 खाली अपिलात जादा पुरावा देता येतो, पण पूर्ण काळजी घेऊनही तो आधी मिळणं शक्य नव्हतं हे पटवावं लागतं. खत नोंदणीकृत असेल तर समोरचे वकील हमखास विचारतील, दुय्यम निबंधकांकडे नक्कल होतीच की, तेव्हा का नाही काढली? या प्रश्नाचं उत्तर अर्ज लिहिण्याआधी तयार ठेवा. 'आम्हाला माहीत नव्हतं' एवढ्यावर भागत नाही.

अपिलाची मुदत 30 दिवसांची. निकाल लागल्यावर नकलेचा अर्ज लगेच टाका. नकलेवर अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी, याच्या तारखा असतात. नक्कल तयार व्हायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो. तयार होऊन ती पडून राहिली, तर ते दिवस मात्र तुमच्या खात्यावर. लोक हे बघतच नाहीत. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण मग मूळ भांडण बाजूला राहून आधी त्यावरच तारखा पडतात.

आणखी एक, कारण यात माणसं फसतात. नुसतं अपील दाखल केलं म्हणजे निकालाला स्थगिती मिळत नाही. स्टेचा अर्ज वेगळा करावा लागतो. नाही केला आणि समोरच्याने मोहोळला दरखास्त (निकालाची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज) लावली, तर अपील चालू असतानाच बेलीफ ताबा घ्यायला बांधावर येऊ शकतो.

सायटेशनला, म्हणजे समोरचे वकील दाखवतात त्या जुन्या निकालांना, घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक, आणि आपल्या जिल्हा कोर्टावर मुंबई हायकोर्टाचा. केरळ हायकोर्टाचा निकाल कुणी दाखवला तर तो विचारात घेता येतो, पण बांधून घालत नाही.

हायकोर्टाची वेळ आलीच तर आता मुंबई नाही. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ) आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन सकाळी हायकोर्ट गाठायचं, ते दिवस संपले. आपल्याला कोल्हापूरही काही शेजारी नाही म्हणा, पण बरं आहे.

खर्चाचं म्हणाल, तर दाव्यात आईचंही नाव आहे असं तुम्ही लिहिलंय. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात आईच्या नावे अर्ज द्या, सोबत मोहोळच्या निकालाची प्रत न्या.