पुण्यात बहिणीच्या घटस्फोटासाठी वकील हवाय, फीचे पैसे नाहीत. काय करावं?
आधी शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ताईंचा अर्ज द्या. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. कित्येकींना हे कुणी सांगतच नाही, याचं फार वाईट वाटतं. १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन करूनही माहिती मिळते.

खासगीच वकील हवा असेल तर कौटुंबिक न्यायालयात नेहमी काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटा. वकीलपत्रावर सही करण्याआधी एकूण फी लिहून घ्या, टप्प्याटप्प्याने द्या, पावती मागा. पोटगीत टक्का मागणारा नको; बार कौन्सिलच्या (वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियमांना ते मान्य नाही. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं असेल तर कलम २४ नुसार दाव्याचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. तो अर्ज सुरुवातीलाच करा.