तयार प्रकल्पाच्या फोल्डरची गिट रिपॉझिटरी कमांड लाइनवरून कशी करावी?

प्रकल्पाचे फोल्डर आपल्या संगणकावर आधीपासून तयार आहे, ते गिटखाली (फाइलींतील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीखाली) आणायचे आहे, आणि सर्व्हरवर नवी रिपॉझिटरी (इतिहासासह प्रकल्पाचा साठा) करताना रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी) फाइल जोडल्यानंतर आपला पहिला पुश (आपले काम सर्व्हरवर पाठवणे) नाकारला जात आहे, असे आपल्या प्रश्नावरून दिसते. खालील आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतच टंकाव्यात.

प्रथम 'सीडी' वापरून प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये जावे आणि 'गिट इनिट' ही आज्ञा द्यावी. त्यामुळे आपल्या फाइलींना धक्का लागत नाही, फक्त '.गिट' नावाचे एक लपलेले फोल्डर तयार होते आणि पुढचा सारा इतिहास त्यातच साठतो. आज्ञा चुकून भलत्याच ठिकाणी दिली गेली, तर एकही कमिट (फाइलींच्या त्या वेळच्या स्थितीची इतिहासातील नोंद) झालेला नसेपर्यंत हे फोल्डर निर्धास्तपणे काढून टाकता येते.

त्यानंतर 'गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम' आणि 'युजर.ईमेल' यांद्वारे आपले नाव व ईमेल नोंदवावा. हे दोन्ही तपशील प्रत्येक कमिटचा भाग होतात आणि नंतर बदलायचे म्हटले तर त्या कमिटची ओळखसंख्याही बदलते, म्हणून ते सुरुवातीलाच नीट भरावेत. मुख्य शाखेचे (कमिटच्या मुख्य मालिकेचे) नाव 'मेन' हवे असल्यास 'गिट ब्रांच -एम मेन' (येथे एम हे कॅपिटल अक्षर) ही आज्ञा पुरेशी आहे.

माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष येथून पुढच्या पायरीकडे द्यायला हवे. 'गिट अ‍ॅड .' (सर्व फाइली पुढच्या कमिटसाठी यादीत घेणारी आज्ञा) देण्याआधी '.गिटइग्नोर' (गिटने वगळायच्या फाइलींची) फाइल तयार करून तीत पासवर्ड व एपीआय की (बाहेरील सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेल्या फाइली, बाहेरून उतरवलेल्या लायब्रऱ्या आणि बिल्डमधून निर्माण होणारे फोल्डर यांची नावे लिहावीत, कारण ही फाइल केवळ अद्याप नोंद न झालेल्या फाइलींनाच लागू होते. अ‍ॅड केल्यावर 'गिट स्टेटस' देऊन यादी ओळ न् ओळ वाचावी. नको असलेली फाइल दिसली, तर 'गिट आरएम --कॅश्ड' आणि फाइलचे नाव दिल्यास ती यादीतून निघते, पण डिस्कवर तशीच राहते. एवढा आग्रह अशासाठी की पासवर्ड एकदा कमिट झाला, की पुढच्या कमिटमध्ये फाइल पुसली तरी जुन्या कमिटमधून तो कोणालाही वाचता येतो. असा पासवर्ड सर्व्हरवर गेलाच असेल, तर इतिहास स्वच्छ करण्याआधी तो पासवर्ड रद्द करावा.

यादी मनासारखी झाली, की 'गिट कमिट -एम' (येथे एम लहान अक्षर) आणि अवतरणचिन्हांत संदेश द्यावा. मग 'गिट रिमोट अ‍ॅड ओरिजिन' पुढे सर्व्हरवरील रिपॉझिटरीचा पत्ता द्यावा ('ओरिजिन' हे त्या पत्त्याचे टोपणनाव) आणि शेवटी 'गिट पुश -यू ओरिजिन मेन'.

आता नकाराविषयी. रीडमी जोडताना सर्व्हरवर एक स्वतंत्र कमिट तयार झाला आणि तो आपल्या इतिहासात नाही. पुश स्वीकारला असता तर तो कमिट शाखेतून गळाला असता, म्हणून गिट अडवते. येथे '--फोर्स' (नकार डावलून पुश लादणारा पर्याय) वापरण्याची घाई करू नये. 'गिट फेच ओरिजिन' देऊन सर्व्हरवरील कमिट आणावा आणि 'गिट मर्ज ओरिजिन/मेन --अलाऊ-अनरिलेटेड-हिस्टरीज' देऊन दोन्ही स्वतंत्र इतिहास एकत्र करावेत. दोन्हीकडे रीडमी असल्यास त्यातील विसंगती हाताने सोडवून कमिट करावा आणि मग पुन्हा पुश करावा. सर्व्हरवर त्या रीडमीखेरीज काहीच नसेल, तर ती रिपॉझिटरी काढून नवी, खरोखर रिकामी करणे अधिक सरळ पडते.

सर्व्हर आपला स्वतःचा असल्यास तेथे 'गिट इनिट --बेअर' वापरावे. साध्या रिपॉझिटरीत जी शाखा उघडलेली असते, तिच्यावर आलेला पुश गिट मुळातच नाकारते, कारण तो स्वीकारल्यास तेथील फाइली आणि इतिहास यांचा मेळ राहत नाही. बेअर रिपॉझिटरीत कामाच्या फाइलीच नसल्याने ही अडचण उद्भवत नाही.