आधी एक गुद्दा नीट लागू दे

चि. …,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, हाफ-लाइफ या गेमवर तू करायला घेतलेल्या मारामारीच्या मॉडचा, म्हणजे तयार गेम बदलून केलेल्या नव्या खेळाचा, आराखडा तुझ्या आईनं मला फॉरवर्ड केला आणि खाली लिहिलं, ‘जरा बघशील का, ही दिवसरात्र काय करत असते ते.’ बघितला. चोवीस पात्रं, प्रत्येकाची तीन-तीन रूपांतरं, मेनूचं चित्र, लोगो, डिस्कॉर्डचे नियम, ट्रेलरला कुठलं संगीत लावायचं तेसुद्धा ठरलंय. फक्त एकानं दुसऱ्याला मारलेला गुद्दा नेमका कधी आणि कुणाच्या संगणकावर लागला असं धरायचं, याबद्दल अख्ख्या आराखड्यात अवाक्षर नाही. मला जे सांगायचंय ते सगळं याच जागी आहे. बाकीचं ओघात येईल.

हाफ-लाइफ निवडलंस ते उत्तम. 1998 चा गेम आहे, तुझा लॅपटॉप तो लीलया चालवेल. मॉड करणाऱ्यांसाठीचा कोड तो गेम करणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं गिटहब या साइटवर ठेवलाय आणि एकट्या माणसानं बसून वाचावा एवढाच तो आहे. शिवाय तू जे करायला निघाली आहेस ते या इंजिनावर, म्हणजे गेम चालवणाऱ्या आतल्या यंत्रणेवर, एकदा होऊन गेलंय. अर्थ्स स्पेशल फोर्सेस, म्हणजे ईएसएफ. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ड्रॅगन बॉल झी या उडत, किरण सोडत लढणाऱ्या योद्ध्यांच्या जपानी कार्टून मालिकेच्या चाहत्यांनी फावल्या वेळात केलेला मॉड. त्याची 1.2.3 ही आवृत्ती आधी खेळ आणि मगच पुढचं वाच म्हटलं तरी चालेल. पण तू थांबणार नाहीस, म्हणून सांगतो.

हाफ-लाइफचं जग बोळांचं आहे. दारं, जिने, पेट्या, पेट्यांमागे लपलेले सैनिक. नकाशा कितीही मोठा केलास तरी एका बाजूला 8192 युनिटच्या (युनिट हे गेमचं अंतराचं माप) पुढं जाता येत नाही, आणि माणूस 72 युनिट उंच. म्हणजे तुझ्या अख्ख्या आकाशात एकावर एक सव्वाशे माणसंही उभी राहणार नाहीत. वेगालाही लगाम आहे. एसव्ही मॅक्सव्हेलॉसिटी या वेगमर्यादेच्या सेटिंगची मूळ किंमत सेकंदाला 2000 युनिट. त्या वेगानं निघालेला गडी चार सेकंदांत नकाशाच्या या भिंतीपासून त्या भिंतीला जाऊन आपटतो. आणि असल्या खुराड्यात त्या पोरांना डोंगर फोडत उडणारी माणसं लढवायची होती! त्यांनी कॅमेरा डोळ्यांतून काढून पाठीमागे नेला, बंदुका काढून टाकल्या, हवेतली झेप आणली. दोघांचे किरण समोरासमोर भिडले की तिथंच रेटारेटी सुरू होते, ती आणली. यातलं एकही काम त्या इंजिनाच्या मनात नव्हतं.

मला मात्र त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं ते हातघाईचं. इथं जरा सावकाश वाच.

आकडे मांडून बघ. माणसाची रुंदी 32 युनिट. तुझी झेप सेकंदाला 1000 युनिटची धर. समोरच्याची खबर तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर तो तुला जिथं दिसतोय तिथून 100 युनिट पुढं निघून गेलेला असतो. तीन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढं ते अंतर. तू मारलेला गुद्दा तुझ्या पडद्यावर त्याच्या जबड्यावर बसलाय, त्याच्या पडद्यावर तू हवेत हात फिरवते आहेस, आणि सर्व्हरचं, म्हणजे सगळ्यांचा खेळ सांभाळणाऱ्या संगणकाचं, तिसरंच काहीतरी मत आहे. टपालानं बुद्धिबळ खेळता येतं, कबड्डी नाही.

गोळीपुरती व्हॉल्व्हनं यावर तोड काढली होती. त्यांच्याकडच्या यान बर्नियर यांचा 2001 चा त्यावरचा निबंध आजही नेटवर्किंग शिकणाऱ्याला वाचायला देतात, तूही वाच. युक्ती अशी, की गोळी सुटल्याचा निरोप आला की सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो. गोळी मारणाऱ्याला त्या क्षणी समोरचा जिथं दिसत होता तिथं त्याला परत उभा करतो आणि मग लागली की नाही ते ठरवतो. याची किंमत मार खाणारा भरतो. भिंतीआड पोचल्यावर मेलो कसा, म्हणून तो कुरकुरतो आणि पुन्हा खेळायला लागतो. गोळीचा व्यवहार एकतर्फी असल्यानं ते खपतं. गुद्दा दोन्हीकडून येतो. दोघांनाही आपला पहिला लागल्यासारखा वाटतो. त्यात मार लागलेला मागे फेकला जातो, म्हणजे त्याची जागा बदलते, आणि पुढचा फटका त्या बदललेल्या जागेवर अवलंबून असतो. घड्याळ किती वेळा आणि कुणासाठी मागे फिरवशील?

तू म्हणशील, हल्लीचे फायटिंग गेम खेळतातच की नेटवर. खेळतात, कारण त्यांची बांधणीच निराळी असते. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे चित्रं, एकेक फ्रेम साधारण 16 मिलिसेकंदांची, मैदानात बहुतेक वेळा दोनच माणसं. टोनी कॅनन यांनी 2006 मध्ये जीजीपीओ हे नेटवर खेळायचं तंत्र आणलं, त्यात पलीकडच्यानं काय दाबलं असेल त्याचा अंदाज करून खेळ पुढं नेतात आणि अंदाज चुकला की मागच्या फ्रेम गुपचूप पुन्हा खेळून घेतात. त्यासाठी अख्खा खेळ हवा तेव्हा मागे नेऊन, तसाच्या तसा पुन्हा चालवता यायला हवा. हाफ-लाइफ त्या हिशेबानं लिहिलेलंच नाही. या मागे जाण्यालाच रोलबॅक म्हणतात. ‘रोलबॅक टाकणार’ असं तुझ्या आराखड्यात एका ओळीत आलंय. ती ओळ खोड. त्यात तुझी पदवी होऊन जाईल आणि गुद्दा तिथंच राहील.

ईएसएफनं काय केलं? झेप घेऊन दोघं एकमेकांना भिडले की पडद्यावर बाण येतात. जो अचूक आणि आधी दाबेल त्याचा फटका लागतो. वरवर बघणाऱ्याला ते पोरखेळ वाटतं, नाचाच्या गेममधून उचलल्यासारखं. पण बघ, मूठ कुठं होती आणि जबडा कुठं होता हा प्रश्नच त्यांनी काढून टाकला. तीन माणसांच्या अंतराचा घोळ एका झटक्यात संपला, उरला फक्त कोण आधी याचा निवाडा. किरणांच्या रेटारेटीतही तेच. दोघांना एका जागी खिळवून ठेवायचं, म्हणजे जागेची भानगड राहत नाही. त्यांनी हे ठरवून केलं की करता करता सापडलं, यानं मला फरक पडत नाही. तुला चोरायचंच असेल तर हे चोर, केसांचा रंग नको.

आणि यात सुधारणेला जागाही आहे. बाण दाबल्याचा निरोप सर्व्हरला कधी पोचला ते बघून निवाडा केलास, तर ज्याचा पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायचा वेळ, कमी तो दर वेळी जिंकेल. त्यापेक्षा बाण दिसल्यापासून किती वेळात दाबला ते त्याच्याच संगणकावर मोज आणि तो आकडा पाठव. कुणी खोटा आकडा पाठवला तर? त्या खेळाडूचा पिंग सर्व्हरला माहीत असतो. निरोप यायला लागलेल्या वेळातून पिंग वजा केला की अंदाजे उत्तर हातात येतं, त्याच्याशी न जुळणारा आकडा फेकून द्यायचा. चार दिवसांचं काम आहे. यावर अडलीस तर जरूर विचार, मला मजा येईल.

झेप लिहिताना एक पथ्य पाळ. ती पीएम शेअर्ड या फोल्डरातच लिही. तिथला हालचालीचा कोड खेळाडूच्या संगणकावर आणि सर्व्हरवर दोन्हीकडे चालतो, म्हणून चालताना आपल्याला अडखळल्यासारखं होत नाही. झेप फक्त सर्व्हरच्या बाजूला लिहिलीस तर खेळाडू पुढं जाईल, मागे ओढला जाईल, पुन्हा पुढं जाईल, रबर बांधल्यासारखा. मग ऊर्जा किती उरली, झेपेत आहे की नाही, ही माहिती दोन्हीकडे सारखी लागते. व्हॉल्व्हनं त्यासाठी आययूजर, एफयूजर, व्हीयूजर असे रिकामे खिसे शिवून ठेवलेत. पहिले काही आययूजर प्रेक्षक-मोडनं आधीच बळकावलेत, ते तपासून घे. आणि डेल्टा डॉट एलएसटी ही साधी मजकुराची फाइल उघडायला विसरू नकोस. कुठली माहिती नेटवरून जाणार आणि किती बिटांत, ते तिथं लिहिलेलं असतं. तिथं नोंद नसेल तर सर्व्हरवर ऊर्जा 900 दिसेल आणि खेळाडूकडे शून्य. बिट कमी दिलेस तर त्याहून वाईट, भलताच आकडा दिसेल. तू आठवडाभर सी प्लस प्लसमध्ये दोष शोधत बसशील आणि तो त्या फाइलीत आरामात बसलेला असेल.

आता अ‍ॅनिमेबद्दल. तुझ्या आराखड्यात ‘अ‍ॅनिमे लुक’ म्हणजे जाड काळ्या कडा आणि झगमगाट एवढंच दिसतं. अ‍ॅनिमे ओळखू येतं ते न हलण्यामुळे. एक पवित्रा क्षणभर तसाच धरून ठेवतात आणि मग एकदम पुढचा. गिल्टी गिअर एक्सआरडी हा 2014 चा गेम त्रिमिती असून हातानं काढल्यासारखा दिसतो, त्याचं एक मोठं कारण हे, की दोन पवित्र्यांच्या मधलं गुळगुळीत सरकणं त्यांनी काढूनच टाकलं. हाफ-लाइफ ते सरकणं आपणहून भरतं. पण तो कोडही तुझ्या हातात आहे, क्लायंटच्या, म्हणजे खेळाडूच्या संगणकाच्या, बाजूच्या स्टुडिओमॉडेलरेंडररमध्ये. तिथं फ्रेमच्या आकड्याचा अपूर्णांक उडवून बघ. दहा मिनिटांत तुझं ओबडधोबड मॉडेलसुद्धा अ‍ॅनिमेसारखं वागायला लागेल. फटका लागला की दोन्ही पात्रं निमिषभर गोठवायची ही फायटिंग गेमची जुनी खोड, तीही इथंच घाल. सर्व्हर गोठवता येणार नाही, त्याच्याकडे बाकीचे खेळाडू आहेत. फक्त चित्र गोठव. पडद्यावर नीट दिसलं की डोळा फसतो.

चोवीस पात्रांचं म्हणशील तर एक पुरे. खरं सांगायचं तर पात्रसुद्धा नको, दोन खोकी चालतील. तुझी ती सगळी पात्रं दुसऱ्याच्या मालकीची आहेत, हे तुला माहीत आहे, पण त्याचा अर्थ तू मनावर घेतलेला दिसत नाही. 1997 मध्ये क्वेक या गेमवर एलियन चित्रपटांचा मॉड करणाऱ्यांना त्या चित्रपटांच्या मालक फॉक्स कंपनीनं नोटीस देऊन काम बंद करायला लावलं. तेव्हापासून मॉडवाल्यांत त्याला ‘फॉक्स होणं’च म्हणायला लागले. दुसरी गोष्ट जरा बरी आहे. माय लिटल पोनी या कार्टून मालिकेच्या चाहत्यांनी फायटिंग इज मॅजिक नावाचा फायटिंग गेम करायला घेतला होता, 2013 च्या फेब्रुवारीत मालिकेच्या मालक हॅस्ब्रो कंपनीची नोटीस आली. घोडे गेले, नावं गेली. पण कोणता फटका कशाला जोडता येतो, कुणाला कशानं अडवायचं, हे त्या मंडळींना पक्कं कळलेलं होतं, आणि ते काही नोटीस देऊन काढून घेता येत नाही. लॉरेन फॉस्ट, जिनं ती मालिका उभी केली होती, तिनंच त्यांना नवी पात्रं काढून दिली. 2020 मध्ये देम्स फायटिन हर्ड्स म्हणून त्यांच्या स्वतःच्या गेमची 1.0 आवृत्ती बाहेर आली. तुझ्याकडे आज नोटीस आली तर मागे काय उरेल, याचा विचार तूच कर. कोडमध्ये कुठंही पात्राचं नाव लिहू नकोस, नावं आणि मॉडेलं वेगळ्या फाइलीत ठेव. मालिकेतले आवाज उचलू नकोस. आणि देणगीसुद्धा मागू नकोस. हाफ-लाइफच्या परवान्यात मॉड विनामूल्य असावा अशी अट आहे, ती नीट वाच.

टीमची घाई करू नकोस. काउंटर-स्ट्राइक, हाफ-लाइफवरचाच एक मॉड, मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी सुरू केलं. 1999 च्या जूनमध्ये पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आला आणि मग लोक खेळत गेले तसतसे बीटा येत गेले. पुढं ते व्हॉल्व्हनंच घेतलं. तुझ्या डिस्कॉर्डवर आत्ताच चार ‘कथा-लेखक’ आहेत. बिचाऱ्यांना सध्या सुट्टी दे.

चाचणीबद्दल. आमच्या पिढीनं हे असले मॉड पुण्यातल्या सायबर कॅफेत खेळले, सगळी यंत्रं एकाच खोलीत, एकाच स्विचला जोडलेली. तिथं सगळंच झकास चालायचं. तू आणि तुझी मैत्रीण हॉस्टेलच्या एकाच वायफायवर खेळून ‘लागतोय गुद्दा’ म्हणालात तर ते मी धरणार नाही. फेकलॅग आणि फेकलॉस या दोन कमांड आहेत, एकीनं उशीर आणि दुसरीनं निरोपांची गळती मुद्दाम आणता येते. 150 मिलिसेकंद लाव, नेटग्राफ, म्हणजे जोडणीचा पडद्यावरचा आलेख, चालू ठेव आणि त्यात खेळ. तिथं चिडचिड झाली नाही तर जमलं.

त्यापुढची परीक्षा मी घेतो. पुण्याहून इथं टोरंटोपर्यंतचा पिंग दोनशेच्या वरच असतो, याहून वाईट गिऱ्हाईक तुला फुकट मिळणार नाही. दोन खोकी, एक झेप, एक बाणांची हातघाई, एवढंच घेऊन ये. शनिवारी रात्री तुझे नऊ वाजतात तेव्हा सध्या माझे सकाळचे साडेअकरा असतात आणि घरात कुणी उठवायला येत नाही. सर्व्हरचा पत्ता आदल्या दिवशी पाठव, आणि आईला सांग, मी बघितलंय, पोरगी कामाचंच काहीतरी करतेय.

तुझा,
काका